बंद करू नका, झाकण लावा

त्याच्या मोठ्या भावाने त्याला फसवलं. त्याने मला फसवलं. आणि मग त्याच मोठ्या भावाने मलाही फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणाला वाटायचं की मी एखाद्या साधुपुरुषाच्या आठवणी काढायला बसलो आहे. तो साधू नव्हता. चांगला पक्का होता.

"बंद करू नका, झाकण लावा," हे त्याचं वाक्य. मशीन हातात देताना तो दोन्ही तळहात एकमेकांवर हळूच मिटवायचा, जसं वाचता वाचता झोप आली की पुस्तक मिटतात तसं, आणि म्हणायचा, "बंद करू नका हो शेठ. फक्त झाकण लावा." नर्मदेकाठच्या हिंदी मुलखातल्या आमच्या गोहलपुरात त्याच्याकडून कंप्यूटर दुरुस्त करून घेतलेल्या कुणालाही विचारा. तो आधी तळहात मिटवून दाखवेल, मग बोलेल.

माझा धंदा जुन्या दारांचा. राइट टाऊन ही आमच्या शहरातली जुन्या बंगल्यांची वस्ती; तिथे एखादा बंगला पाडायला काढला की सागवानी दारं, चौकटी, जाळीच्या खिडक्या मी उचलतो आणि गोहलपुरातल्या माझ्या दुकानात उभ्या करतो. सुरुवात हातगाडीवर केली. दार मी लादायचो, ओढायचो मी आणि भांडायचोही मीच. भाव करताना मी सख्ख्या नातेवाइकाला ओळखत नाही, आणि माझा आवाज मोठा आहे. शेजारचा पंक्चरवाला म्हणतो, सेठ फोनवर बोलतात तेव्हा फोनची गरजच नसते.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तेव्हा तिचं कॉलेजातलं नेटबुक घरी राहिलं. शाळेच्या पाटीपेक्षा थोडा मोठा लॅपटॉप. मी म्हटलं, दारांचे फोटो आणि मापं ठेवायला चांगलं आहे. पण ते इतकं जड झालं होतं की बटण दाबून मी चहा पिऊन यायचो, तरी गोल गोल फिरतच असायचं. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, उसमें लिनक्स डलवा लो. हलका रहता है." तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारं दुसरं, हलकं सॉफ्टवेअर, घालून देणारा माणूस मला एका सायबर कॅफेवाल्याने सांगितला. माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर राहायचा. सायबरवाला म्हणाला, "मराठी ही हैं, सेठ. आपके वाले. बस, जीना संभल के चढ़ना."

जिना घराच्या मागच्या बाजूला होता. लोखंडी, गोल, पाण्याच्या टाकीला असतो तसा. चढताना माझं पोट कठड्याला घासत होतं. वर एक लांब खोली. त्यात तो दिवाणावर बसलेला, बारीक अंगाचा, दाढी घोटून केलेली, शर्टाला कडक इस्त्री. खाली लुंगी. लहानपणच्या तापात त्याचे दोन्ही पाय गेले होते, म्हणजे अगदी गेले नव्हते, पण उभं राहायला कुबडी लागायची आणि चालायला कुबडीबरोबर भिंतही. त्याच्या मागे भिंतीवर खिळ्यांची रांग होती. प्रत्येक खिळ्याला रंगीत दोऱ्याने एकेक पेन ड्राइव्ह टांगलेला. मला वाटलं, असतील त्याची हत्यारं. आमच्याकडे सुतार पटाशा टांगतात, तसं.

त्याने मजुरी सांगितली. मी सवयीने तिच्या अर्धी सांगितली. तो लगेच "चलो, ठीक" म्हणाला. तिथेच मला शंका यायला हवी होती. जो भाव करत नाही, त्याला पैशाऐवजी दुसरं काहीतरी हवं असतं.

दारवाला असल्यामुळे आणखी एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसली. खोलीच्या पूर्वेच्या भिंतीत एक दार बुजवलेलं होतं. नव्या पलस्तराची कड लपत नाही, निदान माझ्यापासून तरी नाही.

"इथे दार होतं?" मी विचारलं.

"होतं."

"कुठे जायचं?"

"खाली," तो म्हणाला, आणि नेटबुककडे वळला. "याची बॅटरी किती वेळ टिकते हो?"

नेटबुक त्याने झकास करून दिलं. बटण दाबलं की चालू. मी खूश होऊन घरी गेलो. दोनच दिवसांत दुकानातली लाइट गेली, बॅटरी संपली, मशीन बंद पडलं. लाइट आल्यावर बटण दाबलं, तर काळा पडदा आणि वर कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी ओळ. अर्थ असा, की चालू करण्यासारखं इथे काहीही सापडलं नाही. मी त्याला फोन लावला.

"भाऊ, हे चालू नाही होऊन राहिलं."

"बंद केलं का तुम्ही?"

"मी काहून बंद करू? लाइट गेली."

"अच्छा. बटण दाबल्याबरोबर एफ-दोन दाबत राहा."

"दाबून राहिलो."

"निळा पडदा आला?"

"आला."

"त्यात बूट लिहिलं आहे, तिथे जा. एक नंबरवर काय आहे?"

"हार्ड डिस्क."

"मग तर बरोबर आहे."

"बरोबर आहे तर चालू काहून नाही होत?"

"तेच तर," तो अगदी शांतपणे म्हणाला. "फोनवर नाही कळत शेठ. घेऊन या."

मी पुन्हा पोट घासत वर गेलो. त्याने निळ्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह खिळ्यावरून काढला, "जरा तपासतो" म्हणत नेटबुकला लावला, बटण दाबलं, आणि ते गरीब पोरासारखं चालू झालं. "पाहा," तो म्हणाला, "काही झालेलं नाही. तुमच्या आवाजाला घाबरते ती."

असं किती वेळा झालं ते मोजत बसलो नाही. कधी लाइट जायची, कधी दुकानातला कामगार चार्जर काढून स्वतःचा मोबाइल लावायचा, कधी मी सवयीने बटण दाबून टाकायचो. बंद पडलं की माझ्याकडे काळा पडदा, आणि त्याच्याकडे नेलं की चालू. माझ्या दुकानातली वीज खराब असेल, लाकडाचा भुसा आत जात असेल, असे तर्क मी करत होतो. बायको म्हणायची, तुम्ही रागावून बटण दाबता. एकदा मी देवाचं नाव घेऊन अगदी हलक्या हाताने दाबून पाहिलं. तीच ओळ.

वर गेलं की तो लगेच सोडायचा नाही. "जरा गरम होऊ द्या मशीन," म्हणायचा. मशीन कशाला गरम व्हायला हवी, हे मी विचारलं नाही, कारण तोवर त्याने विजेच्या किटलीत चहा ठेवलेला असायचा. मग विचारायचा, "आज कोणता बंगला पडून राहिला?" मी दोन शब्दांत सांगायचो. तो तेवढ्यावर थांबायचा नाही. कोपऱ्यावरचा का, ज्याला हिरवं दार होतं, वर अर्धगोल काच? ती काच फुटली का राहिली? राहिली म्हटलं की त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू ती काच मी त्याच्याचसाठी सांभाळली. लहानपणी वडील त्याला सायकलच्या दांडीवर बसवून राइट टाऊनभर फिरवायचे. तेव्हापासूनची घरं त्याला दारांवरून लक्षात होती. त्यातली निम्मी मी पाडताना पाहिली होती. कोणतं दार कुठे गेलं, हे मी त्याला सांगायचो. सांगताना मला बरं वाटायचं. हे कबूल करायला माझी हरकत नाही.

नागपूरहून माल घेऊन मी तिलवाऱ्याच्या पुलावरून येतो, हे कळल्यापासून त्याचा आणखी एक प्रश्न ठरलेला झाला. "पाणी कुठपर्यंत आहे?" मी म्हणायचो, नर्मदा आहे, पाणी असणारच. तो म्हणायचा, "तसं नाही. घाटाच्या पायऱ्या किती उघड्या आहेत?" पुढच्या खेपेपासून मी ट्रकच्या खिडकीतून पायऱ्या पाहून यायला लागलो. गिऱ्हाइकाने मापं मागितली तर मी वैतागतो, पण ह्या माणसासाठी पायऱ्या पाहायचो.

मग एकदा राइट टाऊनात एका बंगल्यावर माझं काम चाललं होतं. समोरच कंप्यूटरचं दुकान होतं. नेटबुक गाडीतच होतं, काळा पडदा दाखवत. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी दाखवू. काउंटरवरच्या मुलीने ते थोडा वेळ पाहिलं आणि हसली.

"अंकल, इसमें कुछ ख़राब नहीं है. लिनक्स पूरा पड़ा है. बस शुरू करने वाला जो हिस्सा होता है न, वो इसमें डाला ही नहीं. किसी ने अपनी पेन ड्राइव पर रख लिया है. जब तक वो नहीं लगाओगे, ये नहीं उठेगा."

"ग़लती से?"

"हो सकता है. नए लोगों से हो जाता है." तिने नेटबुक परत केलं. "दस मिनट का काम है. कर दूँ?"

मी नको म्हटलं. तो नवा नव्हता. घर पूर्ण बांधलेलं, आत सामान लागलेलं, आणि किल्ली त्याच्या खिळ्याला टांगलेली. झाकण लावलं तर मशीन झोपते, किल्ली लागत नाही. बंद केली तर लागते. आता मला ते वाक्य कळलं. ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते उघडून द्यायचं, तेही फुकट. दुसऱ्याला दहा मिनिटांचे पैसे मी काहून देऊ?

जिना चढताना मी खालपासूनच बोलत गेलो. खोलीत पोचलो तेव्हा तो किटलीत पाणी ओतत होता.

"तुम्ही मला उल्लू बनवलं."

"बसा."

"बसत नाही. किल्ली स्वतःजवळ ठेवली अन् मी इथे पोट सोलून राहिलो. काहून?"

त्याने नाही म्हटलं नाही. मान वळवून खिळ्यांकडे पाहिलं. "तो लाल दोरा मास्तरांचा. पिवळा शिवणकामवाल्या दीदींचा. त्या नाही येत, नवऱ्याला पाठवतात. बोलतो चांगला. हिरवा सायबरवाल्याचा. निळा तुमचा."

"मी रंग नाही विचारून राहिलो."

"शेठ, मजुरी मी जेवढी सांगितली होती, तुम्ही त्याच्या अर्धी दिली ना?"

"मग?"

"उरलेली अर्धी अशी वसूल करतो."

"हा सौदा मला सांगितला नव्हता तुम्ही."

"सांगितला असता तर तुम्ही त्याचाही अर्धा केला असता."

मला हसू आलं. ते मी मिशीत दाबलं, कारण मी रागावायला आलो होतो. इतक्या वर्षांत सौद्यात मला बसल्या जागेवरून कुणी हरवलं नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता उघडून द्या," मी म्हटलं.

"देतो. खाली येईन त्या दिवशी देतो."

"अन् खाली कधी येणार?"

त्याने कुबडीने त्या बुजवलेल्या दाराकडे दाखवलं. त्या दिवशी त्याने ते सगळं सांगितलं, चहा गाळता गाळता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. खालचा मजला मोठ्या भावाला, वरचा याला. मधला दगडी जिना कागदावर खालच्या मजल्यात गेला. हा म्हणाला, दादा, जिना? दादा म्हणाला, "अरे, कागदात काय ठेवलं आहे. जिना आपल्या दोघांचाच." याने सही केली. त्या दगडी जिन्यावरून हा रोज उतरायचा. बसून, एकेका पायरीवर सरकत, भिंतीला हात लावून. गल्लीत खुर्ची टाकून बसायचा. मग दादाने खालचा मजला एका व्यापाऱ्याला गोदामाला दिला. व्यापारी म्हणाला, वरून कुणी येता-जाता कामा नये. दादाने दार बुजवलं आणि मागे तो लोखंडी जिना लावून दिला. गोल जिन्यावर बसून सरकता येत नाही. एकदा डॉक्टरकडे न्यायला एका हमालाने त्याला पाठीला बांधून उतरवलं. त्यावर तो एवढंच म्हणाला, "पोतं उतरवतात तसं. पुन्हा नाही." दादा स्वतः राइट टाऊनात फ्लॅट घेऊन राहायला गेला. वर डबा यायचा. वर बँकेचा माणूस यायचा. वर सगळं यायचं. खाली मात्र याला जाता येत नव्हतं.

माझ्या डोक्यात हिशोब सरळ बसला. माझं नेटबुक सुटायचं असेल तर ती भिंत उघडली पाहिजे. भिंत उघडायची असेल तर दादाशी सौदा केला पाहिजे. आणि सौदा करणं हे माझं काम. मी तसाच निघालो.

दादा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. गोरा, मऊ आवाजाचा, हात जोडून बोलणारा. "अरे आइए, बसा बसा," म्हणाला, पाणी मागवलं.

"त्याला कमी काय आहे हो तिथे?" तो म्हणाला. "पंखा आहे, डबा आहे. लोक येतात-जातात."

"दार नाही."

"जिना आहे की."

"तुम्ही चढून पाहिला का तो जिना?"

"नाही हो," दादा गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला. "माझे गुडघे कुठे चालतात आता."

मी ग्लास खाली ठेवला. आवाज वाढवला नाही. सौदा करायचा होता. म्हटलं, दार माझं, मिस्त्री माझा, कुलूप माझं, एक किल्ली गोदामवाल्याकडे राहू द्या. तुमचा खर्च शून्य. तो मान हलवत राहिला. त्याची नजर माझ्या मोबाइलवर होती, कारण मी त्याला दाराचे फोटो दाखवत होतो. एका फोटोवर त्याने बोट ठेवलं. "हे नक्षीचं छान आहे. आमच्या इथे शोभेल." मोठ्या बंगल्यातून निघालेलं, पूर्ण सागवान, पितळी कडी. ते मी चांगल्या गिऱ्हाइकासाठी राखलं होतं. मी म्हटलं, ते तुम्हाला देतो, तुम्ही भिंत उघडून द्या. दादाने माझा हात दोन्ही हातांत धरला. "चलो, दसऱ्यानंतर लगेच. जबान दिली."

नक्षीचं दार मी स्वतः उभा राहून त्याच्या फ्लॅटला बसवून दिलं.

वर जाऊन त्याला हे सांगितलं. तो किटली बंद करायची विसरला. मग म्हणाला, "दार अडीच फुटाच्या खाली नका ठेवू. कुबडी आडवी येते." मी म्हटलं, माझ्याकडे आहे बरोबर तेवढं, साधं आहे पण मजबूत. मग तो जरा लाजून म्हणाला, "शेठ, एक पट्ट्याच्या चपला आणून द्याल? घरात लागत नाहीत, म्हणून घेतल्याच नाहीत." मी आणल्या. त्याने त्या बुजवलेल्या दारासमोर, भिंतीकडे तोंड करून ठेवल्या.

आणि मग त्याने ते केलं. सगळ्यांना फोन लावून बोलावलं. मास्तर आले, दीदींचा नवरा आला, सायबरवाला आला. तो एकेकाचा पेन ड्राइव्ह खिळ्यावरून काढायचा, त्यातला तो चालू करणारा भाग ज्याच्या त्याच्या मशीनमध्ये नीट घालून द्यायचा, बंद करून पुन्हा चालू करून दाखवायचा. मास्तरांना वाटलं, शेवटी याला रोग सापडला. कुणाला काही कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. माझा नंबर शेवटी लागला. निळा दोरा त्याने बोटाला गुंडाळला. नेटबुक माझ्या हातात देताना त्याचे तळहात सवयीने जवळ आले आणि तसेच थांबले.

"आता बंद केलं तरी चालेल," तो म्हणाला.

"खाली येईन त्या दिवशी देतो म्हणाले होते तुम्ही."

"येतोच आहे ना. आता तुम्हाला काहून चढवू? मीच येत जाईन तुमच्याकडे. दुकानात एक स्टूल ठेवा, पाठीला टेकायला भिंत असेल अशा जागी."

मी स्टूल ठेवलं. गल्ल्याजवळ, भिंतीला लागून, जिथून रस्ता दिसतो.

दसरा झाला. दादा म्हणाला, दिवाळीत मजूर मिळत नाहीत. दिवाळी झाली. म्हणाला, गोदामवाल्याचा सीझन आहे. मग म्हणाला, लग्नसराई आहे, माल ठासून भरलेला आहे. मग फोन उचलेना. मी राइट टाऊनात गेलो. माझ्याच दाराची माझीच पितळी कडी वाजवली. त्याने त्या दाराला एक भोक पाडून काच बसवली होती, बाहेर कोण आहे ते पाहायला. काचेमागे काहीतरी हललं. मग त्याच्या बायकोचा आवाज आला, ते घरी नाहीत. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमन वर आला.

एका सकाळी मी मिस्त्रीला घेऊन सरळ त्याच्याकडे गेलो. म्हटलं, फोडतो भिंत, पाहू कोण अडवतं. तोच नको म्हणाला. "फोडाल. जिना उतरून मी गोदामात पोचेन. पुढे गोदामाचं कुलूप आहे. आता निदान खोलीत बसतो, मग जिन्यावर बसावं लागेल." मिस्त्री तसाच परत गेला.

इथपर्यंत मी हे सगळं गंमत म्हणून सांगत आलो. इथून पुढे गंमत नाही. त्याच्याकडे येणं लोकांनी बंद केलं. लोक वाईट नव्हते. ज्याचं मशीन चालतं, तो दुरुस्तीवाल्याचा जिना कशाला चढेल? मास्तरांनी एकदा फोन केला म्हणे, मशीन फार छान चालते आहे म्हणून. दीदींचा नवरा कधीच आला नाही. खिळे रिकामे राहिले. दादाच्या शब्दावर विसंबून त्याने सगळ्यांना सोडलं आणि स्वतः तिथेच राहिला.

मी जात होतो. पूर्वीइतका नाही. जायचो तेव्हा सवयीने नेटबुक बगलेत असायचं. तो ते पाहून सरसावून बसायचा. "काय झालं?"

"काही नाही. चालू आहे."

"अच्छा," तो म्हणायचा, आणि मागे टेकायचा.

एकदा मी खोटंच सांगितलं की चालू होत नाही. त्याने बटण दाबलं. ते चालू झालं. तो माझ्याकडे पाहत राहिला. "शेठ, तुम्हाला खोटं बोलता नाही येत. धंदा कसा करता तुम्ही?"

मी म्हटलं, "तो भाग काढून घ्या पुन्हा. निळा दोरा कुठे आहे, बांधा खिळ्याला."

"नाही," तो म्हणाला. "सौदा झाला. दिलेलं परत नाही घेत." आणि विचारलं, "घाटाच्या पायऱ्या किती उघड्या आहेत?"

थंडी सरत आली तेव्हा मी नागपूरला माल आणायला गेलो होतो. परत येताना ट्रक तिलवाऱ्याच्या पुलावर चढला आणि सायबरवाल्याचा फोन आला. "सेठ, भैया नहीं रहे. सुबह डब्बे वाला गया, तब..." फोन कानाला होता आणि मी खिडकीतून वाकून पायऱ्या पाहत होतो. पाणी बरंच उतरलं होतं. पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आता हे सांगायचं कुणाला.

मी पोचलो तेव्हा तो खाली आलेला होता. गल्लीत, जिथे पूर्वी खुर्ची टाकून बसायचा त्याच जागी, तिरडीवर. गोल जिन्यावरून आडवा माणूस उतरत नाही. शेजारची म्हातारी माणसं म्हणाली, उभा करून नेत नाहीत, दोराने सोडत नाहीत, असं आपल्यात होत नाही. मग दादाने मिस्त्री बोलावला. गोदामवाल्याने कुलूप काढलं, पोती बाजूला केली. भिंत फोडली. आणि तो आपल्या वडिलांच्या दगडी जिन्यावरून उतरला, चार माणसांच्या हातांवर.

मी त्या मिस्त्रीला विचारलं, किती वेळ लागला रे फोडायला? तो हात झटकत म्हणाला, "एक ईंट की दीवार थी, सेठ. चाय ठंडी नहीं हुई."

मी वर गेलो. त्या दगडी जिन्याने, पहिल्यांदाच. दारासमोर ठेवलेल्या त्याच्या त्या पट्ट्याच्या चपला चुन्याने पांढऱ्या झाल्या होत्या. उलट्या करून पाहिल्या. तळवे कोरे होते.

तेराव्यानंतर दादा माझ्या दुकानात आला. हात जोडून आला. म्हणाला, "वरचा मजला भाड्याने द्यायचा आहे. आता जिना आतून झालाच आहे, तर त्या जागेला एखादं दार दाखवा. साधंच चालेल. भाव जरा नीट लावा." आणि गुडघ्यावर हात टेकून तो त्या स्टुलावर बसला.

गल्ल्यावर नेटबुक उघडं होतं, दारांचे फोटो लावलेले. मी झाकण लावलं.

दादा, तुमच्या मापाचं दार माझ्याकडे तयार आहे. तेव्हापासून उभं आहे. अडीच फूट रुंद, कुबडी आडवी येऊ नये एवढं. पैसे नकोत मला. त्याची एकच किंमत आहे, ती मी त्या दिवशी तुम्हाला सांगितली, आणि तुम्ही स्टुलावरून उठून गेलात. म्हणून इथे पुन्हा सांगतो, सगळ्यांसमोर. मेलेल्या माणसासाठी जी भिंत चहा गार व्हायच्या आत फुटली, ती जिवंत माणसासाठी दसऱ्यानंतर का फुटली नाही? या, त्याच स्टुलावर बसा, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात याचं उत्तर द्या.